जुन्या छापचित्रावरून वाड्याची पुनर्बांधणी: पुरावा तपासण्याचा योग्य क्रम

नेटवर वाड्याचं दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र सापडतं. ते मोठं करून छापलं जातं, सुताराच्या हाती दिलं जातं आणि 'हुबेहूब असं करा' म्हणून सागवान मागवलं जातं. खांब उभे करायची वेळ आली की कळतं, खालच्या तळखड्यांशी, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकांशी, त्यांचं जमत नाही, महिरप (खांबांमधली नक्षीदार कमान) तुळईच्या (वरच्या जाड आडव्या लाकडाच्या) खाली बसत नाही आणि चित्रात दिसणारी गॅलरी त्या भिंतीला कधी नव्हतीच. चित्र बहुतेक वेळा खोटं नसतं. ते पुरावा म्हणून तपासलेलं नसतं, आणि तपासलं असलं तरी उलट्या क्रमाने.

इथे छापचित्र म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं एनग्रेव्हिंग किंवा एचिंग, पत्र्यावर आम्लाने दाणेदार छटा उठवून छापलेलं अ‍ॅक्वाटिंट, दगडावरून छापलेला लिथोग्राफ आणि लाकडी ठोकळ्यावरून छापलेलं वर्तमानपत्री चित्र, हे सगळं. उदाहरण पेशवाईतल्या वाड्याच्या दिवाणखान्याचं धरलं आहे. देऊळ, चर्च, घाट किंवा वेशीचा दरवाजा असला तरी क्रम हाच.

## हाताशी काय हवं

मोजपट्टी आणि लेझर मीटर, तिरपा उजेड टाकायला चांगली बॅटरी, दहापट भिंग, ट्रेसिंग पेपर, वास्तूचा १:५० प्रमाणातला नकाशा आणि एक जाड वही. चित्राची प्रत संग्रहालयाकडून किंवा ग्रंथालयाकडून किमान ६०० डीपीआय स्कॅन करून घ्या. कागदाच्या चारही कडा स्कॅनमध्ये आल्या पाहिजेत, कारण अर्धा पुरावा चित्राखालच्या बारीक अक्षरांत असतो आणि नेटवरच्या प्रतीत नेमका तोच भाग कापलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत फक्त ओळखीपुरती.

## टप्पा १: आधी भिंत वाचा, चित्र बाजूला ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चित्र एकदा डोळ्यांत बसलं की भिंतीवर तेच दिसू लागतं, म्हणून पहिली पाहणी चित्राशिवाय करा.

काय शोधायचं? तुळई आणि कड्या (तुळईवरची बारीक आडवी लाकडं) भिंतीत जिथे शिरत होत्या तिथल्या खोबणी, बुजवलेल्या असतील तर त्यांच्या कडा. खांब गेले असले तरी जागेवर राहिलेले तळखडे आणि त्यांच्या माथ्यावरचं कुसवाचं (खांबाच्या तळाची खुंटी बसायचं) भोक. जुन्या गिलाव्याची जिथे अचानक सरळ रेषेत थांबलेली कड दिसते, तिथे पूर्वी लाकडी चौकट किंवा तक्तपोशी (फळ्यांचं आच्छादन) असण्याची शक्यता मोठी. विटांचा आकार कुठे बदलतो ते पाहा. पातळ, रुंद जुन्या विटांमध्ये मध्येच जाड विटांचा पट्टा आला तर तिथलं दार किंवा खिडकी नंतर बुजवलेली असण्याची शक्यता मोठी. उंबरठ्याच्या दगडाची झीज, खिळ्यांची भोकं, काजळीचे डाग, लाकडाच्या सांध्यात अडकलेले रंगाचे थर, सगळं मोजून नकाशावर टाका.

बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाका. दिवसा सपाट दिसणाऱ्या गिलाव्यावर जुन्या कमानीची रेघ अशी उठून दिसते.

सावधान: फोटो आणि मापं घेण्याआधी गिलावा पाडू नका. 'सैल झालाय, आधी काढून टाकू' असं कंत्राटदार म्हणतोच. त्या सैल गिलाव्याची कड हाच तुमचा साक्षीदार असतो.

तपासणी: चित्र न पाहता तुम्हाला सांगता आलं पाहिजे की दिवाणखान्याला किती खण (दोन खांबांमधले गाळे) होते, वरच्या मजल्याची जमीन किती उंचीवर होती आणि कुठली दारं नंतर बुजवली गेली. नाही सांगता आलं तर पुन्हा भिंतीकडे.

## टप्पा २: चित्रामागची माणसं ओळखा

आता चित्र हातात घ्या, पण त्यातली इमारत अजून पाहू नका. आधी तंत्र ओळखा. कागदावर चित्राभोवती दाबलेली चौकट दिसली तर ते धातूच्या, बहुधा तांब्याच्या, पत्र्यावरून छापलेलं आहे. रेषा नाहीत, नुसत्या दाणेदार छटा आहेत आणि तशीच चौकट आहे, तर बहुधा अ‍ॅक्वाटिंट. खडूने काढल्यासारखा पोत आहे आणि दाबलेली चौकट नाही, तर बहुधा लिथोग्राफ. १८४२ नंतर सचित्र साप्ताहिकं निघू लागली. त्यांतली मोठी चित्रं लहान लाकडी ठोकळे एकत्र बोल्ट करून छापलेली असत. भिंगाखाली सांध्यांच्या पांढऱ्या बारीक रेघा दिसतात. ठोकळे वेगवेगळ्या कारागिरांना वाटून दिलेले असू शकतात, त्यामुळे सांध्याच्या एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूशी जुळेलच असं नाही.

मग खालची अक्षरं. 'डेल.' म्हणजे रेखाटणारा, 'पिंक्स.' म्हणजे रंगवणारा, 'स्कल्प.' म्हणजे पत्रा कोरणारा. तारीख असेल तर ती सहसा प्रकाशनाची. ब्रिटनमध्ये १७३५ च्या कायद्यानुसार चित्राचा हक्क राखायला पत्र्यावर प्रकाशनाची तारीख घालावी लागे. जागेवर उभं राहून रेखाटन कधी केलं, हे त्या तारखेवरून कळत नाही.

हे किती महत्त्वाचं आहे ते पुण्याच्याच उदाहरणावरून पाहा. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट पेशवे दरबारात तह करतो आहे, हे चित्र दिवाणखान्याच्या सजावटीसाठी सर्रास वापरलं जातं. प्रसंग १७९० चा. त्यासाठीचं साहित्य जमवणारा चित्रकार जेम्स वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये आणि वारला १७९५ मध्ये. मोठं तैलचित्र टॉमस डॅनियलने वेल्सच्या साहित्यावरून इंग्लंडमध्ये पुरं केलं १८०५ मध्ये. त्यावरून चार्ल्स टर्नरने पत्रा केला आणि तो १८०७ मध्ये निघाला. म्हणजे प्रसंग आणि छाप यांत सतरा वर्षं, मध्ये तीन हात, आणि दरबाराच्या दिवशी यांतला एकही चित्रकार तिथे नव्हता. चित्र टाकाऊ ठरत नाही. वेल्सने पुण्यात काम केलं होतं, पेशवाईतली माणसं आणि दालनं त्याने पाहिली होती. पण कुठली नक्षी वेल्सच्या नजरेची, कुठली डॅनियलच्या कल्पनेची, हे वेगळं केल्याशिवाय एक खांबही कोरायला घेऊ नये.

याहून सैल दुवाही सापडतो. रॉबर्ट एलियट या आरमारी कॅप्टनच्या रेखाटनांवरून १८३० च्या दशकात लंडनमध्ये जो चित्रसंग्रह निघाला, त्यातली काही चित्रं सॅम्युअल प्राउटने नव्याने काढलेली आहेत. प्राउट भारतात कधी आला नाही. युरोपातल्या जुन्या गावांच्या झिजलेल्या, ढासळलेल्या भिंती काढण्यात त्याचा हात बसलेला. अशा माणसाने पूर्ण केलेल्या विजापूरच्या चित्रात चुना कुठे सुटला आहे ते शोधत बसाल तर प्राउटची सवय मोजाल, विजापूरची भिंत नव्हे.

म्हणून छापामागचं मूळ रेखाटन मिळतंय का ते आधी पाहा. पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांनी मॅलेटसाठी केलेली वेरूळची रेखाटनं आज येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. मूळ रेखाटन आणि छाप यांत फरक दिसला तर रेखाटनाला जास्त वजन द्या.

आणखी एक फसगत: एकच इमारत सात चित्रांत सारखी दिसते म्हणून सात पुरावे झाले असं समजणं. त्या काळी प्रकाशक एकमेकांची चित्रं सर्रास नकलत. सगळ्यांत एकच चूक सापडली, समजा पाचाऐवजी चार खिडक्या, तर ती सगळी एकाच घराण्यातली. साक्ष एकच धरा.

तपासणी: वहीत पाच ओळी भरा. कोणी पाहिलं, कधी पाहिलं, कोणी नव्याने काढलं, कोणी कोरलं, कधी छापलं. पहिली ओळ रिकामी राहिली तर हे चित्र मजले आणि छपराचा साधारण आकार यापुरतंच वापरा, नक्षीसाठी नाही.

## टप्पा ३: उलट-सुलट तपासा

पत्र्यावर जे कोरलं ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. कारागीर चित्र उलटं करून कोरत असे, पण दरवेळी नाही. छापावरून थेट पत्र्यावर नक्कल केली तर ती त्या छापाच्या उलट निघते. खालची अक्षरं सरळ आहेत म्हणून चित्रही सरळ, असं समजू नका. अक्षरं वेगळी, उलटी कोरूनच घातलेली असतात.

सगळ्यात खात्रीची कसोटी म्हणजे जमिनीवर न हललेल्या तीन गोष्टी. नदी, टेकडी, देवळाचं शिखर, बुरूज, विहीर यांचा डावा-उजवा क्रम चित्रात आणि जागेवर जुळवा. माणसं डाव्या हाताने मुजरा करताना किंवा उजव्या कमरेला तलवार लटकवून दिसली तर संशय घ्या. सावल्यांवर फार विसंबू नका. चित्रकार सवयीने डावीकडून उजेड टाकतात. शिवाय उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडत नाही हा नियम आपल्याकडे वर्षभर चालत नाही. मार्चअखेर ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन तिथे येतं, आणि पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही उत्तरेकडे कललेला असतो.

सावधान: दारावरची गणेशपट्टी छापचित्रावरून कोरत असाल तर हा टप्पा दोनदा करा. चित्र उलटं असेल तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होईल. मग घरात सोवळ्या-ओवळ्याची जी चर्चा सुरू होईल तिला वास्तुविशारदाकडे उत्तर नसतं.

## टप्पा ४: काळाची खिडकी ठरवा

चित्रात ज्यांच्या तारखा पक्क्या माहीत आहेत अशा शेजारच्या इमारती शोधा. मुंबईच्या बॉम्बे ग्रीनचं, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसराचं, चित्र घ्या. सेंट टॉमस चर्च १७१८ चं, त्याचा उंच मनोरा १८३८ चा. टाऊन हॉलचं काम १८२१ मध्ये सुरू झालं आणि १८३३ मध्ये संपलं. टाऊन हॉल पुरा आणि चर्चचा मनोरा अजून बुटका, असं चित्र १८३३ ते १८३८ मधलं पाहिलेलं असणार. आता चित्रावर १८५० ची तारीख असली आणि मनोरा बुटकाच असला, तर ती जुन्याची नक्कल.

उलट बाजूही पाहा. काही चित्रं इमारत बांधण्याआधीच्या आराखड्यावरून काढलेली असतात. व्हिक्टोरिया टर्मिनसचं अ‍ॅक्सेल हेगने काढलेलं प्रसिद्ध जलरंगचित्र काम पुरं होण्याच्या कितीतरी आधीचं आहे. त्यात दिसतं ते योजलेलं. बांधलेलं काय, ते प्रत्येक भागाला वेगळं तपासावं लागतं.

तुम्हाला वाडा कुठल्या काळाचा उभा करायचा आहे हेही इथेच ठरवा. १८०० चे खांब, १८६० चा जिना आणि १९२० ची फरशी अशी भेळ होते ती हा निर्णय लांबणीवर टाकल्यामुळे.

## टप्पा ५: चित्रातली मापं जोखा

चित्रावरून थेट माप घेऊ नका. प्रमाण घ्या, आणि तेही आधी पारखून.

१. वास्तूत आजही शाबूत असलेली दोन मापं निवडा, एक आडवं आणि एक उभं, दोन्ही चित्रात समोरून दिसणाऱ्या एकाच पातळीतली. समजा खांबापासून खांबापर्यंतचा खण ६ फूट आणि तळखड्याच्या माथ्यापासून तुळईच्या तळापर्यंत ९ फूट. प्रमाण दीडपट.

२. चित्रात हाच खण ४० मिलिमीटर आणि उंची ७२ मिलिमीटर निघाली तर प्रमाण १.८ पट. म्हणजे उभं माप २० टक्के ताणलेलं.

३. अशाच आणखी दोन-तीन जोड्या मोजा. सगळीकडे ताण साधारण सारखा निघाला तर चित्रकाराने इमारत एकसमान उंचावली आहे, आणि गेलेल्या भागाचं उभं माप त्याच प्रमाणात कमी करून (इथे १.२ ने भागून) घेता येईल. एकीकडे २० टक्के, दुसरीकडे ५ टक्के असं निघालं तर या चित्रावरून कुठलंच माप घेऊ नका. घेता येईल तो फक्त क्रम: काय कशाच्या वर, काय कशाच्या शेजारी.

४. चित्रातल्या समांतर कडा वाढवून त्या कुठे मिळतात ते ट्रेसिंगवर काढा. एकाच दिशेच्या कडा दोन-तीन वेगळ्या बिंदूंवर मिळत असतील तर चित्रकाराने दोन जागांवरून पाहिलेलं एका चित्रात जोडलं आहे. जागेवर जाऊन तो कोन शोधा आणि तिथून फोटो काढा. फोटोवर ट्रेसिंग ठेवलं की कुठला भाग सरकवला ते चटकन दिसतं.

माणसांच्या आकृत्यांवरून उंची काढणं ही नेहमीची चूक. इमारत भव्य दिसावी म्हणून माणसं लहान काढायची हा जुना खेळ आहे. कागदाचाही थोडा दोष धरा. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना कागद ओला असतो, सुकताना तो दोन दिशांना सारखा आटत नाही. म्हणून २-३ टक्क्यांच्या फरकावर वाद घालू नका.

काढलेलं माप गज आणि तसू या जुन्या मापांत बदलून पाहा. २४ तसूंचा गज धरून, पण गजाची लांबी त्याच वाड्याच्या शाबूत खणांवरून ठरवून. आकडा पूर्ण तसूच्या जवळ आला तर माप बरोबर असण्याची शक्यता वाढते. हा पुरावा नव्हे, इशारा.

कॅमेरा ल्युसिडा (प्रिझममधून समोरचं दृश्य कागदावर दिसतं आणि ते गिरवता येतं, असं उपकरण) वापरून काढलेलं चित्र असेल तर ठेवणीवर जास्त भरवसा ठेवायला हरकत नाही. वास्तुकलेचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसनने लेण्यांची रेखाटनं त्या उपकरणाने केली होती. तरीही १८४५ मध्ये ती दगडावर उतरवली दुसऱ्या माणसाने, हे ध्यानात असू द्या.

## टप्पा ६: प्रत्येक तपशिलाला प्रत (दर्जा) द्या

'चित्र विश्वासार्ह आहे का' हा प्रश्नच चुकीचा. एकाच चित्रात मजले बरोबर आणि खांब कल्पनेतले असू शकतात. म्हणून खांब, महिरप, कठडा, तक्तपोशी, झरोका, छप्पर, प्रत्येकाची वेगळी ओळ करा आणि प्रत ठरवा.

अ: भिंतीवर खूण आहे आणि चित्रातही दिसतं. करायला हरकत नाही.
आ: खूण नाही, पण चित्राने त्याच भागात इतर गोष्टी बरोबर दाखवल्या आहेत आणि त्याच काळातल्या शाबूत वाड्यात तसा नमुना आहे. साध्या रूपात करा.
इ: फक्त चित्रात. करू नका, नोंद ठेवा.
ई: चित्र आणि भिंत यांचं पटत नाही. भिंत खरी.

शाबूत वाडे ही या कामातली खरी शाळा. शनिवारवाड्याच्या लाकडी इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, म्हणजे छायाचित्रण प्रचारात येण्याआधीच. पण पुण्यातला नाना वाडा, विश्रामबाग वाडा आणि मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा उभे आहेत. सुरूचा (सुरूच्या झाडाच्या आकाराचा) खांब खाली कसा फुगतो आणि वर कसा निमुळता होतो, त्याच्या डोक्यावर केळफूल कसं येतं, महिरप खांबाला कुठे भिडते, हे तिथे हाताने मोजा. मग छापचित्राकडे या. युरोपी कारागिराने सुरूच्या खांबाचा जिन्याच्या कठड्याचा दांडा केलेला दिसेल, केळफुलाचं ग्रीक पानांचं शीर्ष झालेलं दिसेल. त्याला जे ओळखीचं, ते त्याच्या हातून उतरलं. महिरपीच्या पाकळ्यांची संख्या, कठड्याच्या जाळीचा नमुना, छताची नक्षी यांत पत्रा कोरणारा पहिले दोन खण नीट करतो आणि पुढचे नुसते भरतो. म्हणून पाकळ्या मोजायच्याच असतील तर चित्राच्या सगळ्यात पुढच्या, सगळ्यात नीट खणात मोजा.

अशी चित्रं सहसा बरोबर सांगतात ते मजल्यांची संख्या, छपराची रेषा, दारं-खिडक्यांचा क्रम, सज्जा कुठल्या बाजूला. सहसा चुकवतात ते लाकडाचे सांधे, ब्रॅकेटचा आकार, जोत्याची उंची. आणि अडगळ गाळतात. परसातली पडवी, लाकूडफाट्याचं छप्पर, स्वयंपाकघराचं धुराडं चित्रात नाही म्हणून ते नव्हतं, असा निष्कर्ष काढू नका.

सावधान: रंग चित्रावरून कधीच घेऊ नका. अ‍ॅक्वाटिंट बहुधा छापल्यावर हाताने रंगवलेलं असतं, कधी पन्नास-शंभर वर्षांनी विकणाऱ्यानेही. रंग हवा असेल तर लाकडाच्या सांध्यातले थर खरवडून पाहा.

## टप्पा ७: कागदपत्रांशी ताळा

चित्रात नाही ते जमाखर्चात सापडतं. पेशवे दफ्तर किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ इथे शोध घ्या, मोडी वाचणारा माणूस सोबत ठेवा. लाकूड, चुना, विटा, लोहार, रंगारी यांच्या खर्चाच्या नोंदी नक्षी सांगत नाहीत, पण दुरुस्ती कधी झाली ते सांगतात. घराण्याकडे जुना फोटो असेल, कितीही फिकट, तर तो बहुतेक वेळा छापचित्रावर मात करतो. फक्त फोटोआधी काय बदललं होतं ते विचारा.

## टप्पा ८: आराखडा, परवानगी आणि मग लाकूड

आराखड्यात अ प्रतीचे भाग सलग रेषेने, आ प्रतीचे तुटक रेषेने काढा, इ प्रतीचे अजिबात काढू नका. १९६४ च्या व्हेनिस सनदेचं म्हणणंही हेच, की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराचं काम थांबलं पाहिजे. जिथे आधार नाही तिथे साधा, न कोरलेला खांब द्या. तो आजचा आहे हे जवळून पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

परवानगी कोणाची, ते वास्तूच्या दर्जावर अवलंबून. केंद्र संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य संरक्षित असेल तर राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, शहराच्या वारसा यादीत असेल तर महापालिका आणि तिची वारसा समिती. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. वाडा तुमचा असला आणि संरक्षित स्मारक शेजारचं असलं तरी हे लागू होतं. अर्जाला छापचित्र एकटं जोडू नका, प्रतींचा तक्ता जोडा.

मंजुरीनंतर एका खांबाचा पूर्ण आकाराचा साचा प्लायवूडमध्ये कापा आणि शाबूत तळखड्यावर उभा करून तुळईखाली लावून पाहा. फट राहिली किंवा अडलं तर चूक साच्यात आहे असं धरा. तळखडा तासून जुळवू नका. जुळल्यावरच एक खांब सागात, तो पावसाळाभर जागेवर, आणि मग बाकीचे.

सुताराला छापचित्राची प्रत देऊ नका. साचा आणि मापाचा आराखडा द्या. चित्र हाती असलं की चांगला सुतार त्यातली नक्षी आपल्या हौसेने वाढवतो आणि ती इतकी सुंदर होते की नाही म्हणवत नाही. नव्या लाकडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला कामाचं वर्ष कोरून घ्या. टप्पा १ चे फोटो, पाच ओळींची नोंद, मापांची जोडपत्रं आणि प्रतींचा तक्ता एका फाइलीत लावा. एक प्रत वाड्यात ठेवा, दुसरी परवानगी दिलेल्या कार्यालयात जमा करून पोच घ्या.